डाग दाखवणाऱ्याला दोन पैसे जास्त

जुनी गाडी विकत घेताना कोणाला जास्त पैसे द्यावेत? चकचकीत फोटो टाकणाऱ्याला, की गाडीचा गंज स्वतःहून दाखवणाऱ्याला? बहुतेक लोक पहिल्याला देतात. माझ्या मते दुसऱ्याला द्यायला हवेत, आणि तेसुद्धा आनंदाने द्यायला हवेत. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो नातवामुळे. मुलीचा मुलगा. इंग्लंडात लीड्सला नोकरी करतो. त्याच्या मनात गेली दोन-तीन वर्षं एक गाडी भरली आहे, एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी, छोटी स्पोर्ट्स गाडी. कापडी हूड मागे दुमडून ठेवायचं आणि ऊन-वारा खात जायचं. तिकडे ऊन कमी आणि पाऊस जास्त, तरी त्या लोकांना उघड्या गाड्यांची भारी हौस. ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. पक्क्या टपाची जीटी धरून पाच लाखांहून अधिक बनल्या. त्यामुळे आजही विकायला भरपूर येतात. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण जी वस्तू मुबलक आहे तिच्यासाठी घाई करण्याचं कारण नसतं.

नातवाने जाहिराती चाळून दोन गाड्या निवडल्या आणि दोन्हींची पानं मला पाठवली. एक लाल, १९७१ ची, कॉर्नवॉलमध्ये, साडेनऊ हजार पौंड. अकरा फोटो, सगळे संध्याकाळच्या सोनेरी उन्हातले. दुसरी गडद हिरवी, १९७२ ची, नॉरफोकमध्ये, साडेदहा हजार पौंड. हिचे साठाच्या वर फोटो. त्यांत निम्मे गाडीच्या पोटाखालचे, गंजाचे, बिलांचे आणि सीटच्या फाटलेल्या शिवणीचे. नातवाचं म्हणणं असं, "आजोबा, लाल स्वस्त आणि देखणी. हिरवी महाग, आणि वर डागाळलेली. लालवाल्याला पाचशे पौंड आगाऊ पाठवून टाकू का?"

पैसा त्याचा स्वतःचा, तीन वर्षांची शिल्लक. गाडी बिघडकी निघाली तर घर चालायचं थांबणार नाही, पण पुन्हा तेवढी रक्कम साठायला तीन वर्षं लागतील, आणि हौस कायमची मरेल ती वेगळीच.

माझी मुलगी म्हणते, पन्नास वर्षांचं भंगार घ्यायचंच कशाला? तिचं म्हणणं मला पटत नाही. ही गाडी साधी आहे. इंजिन १७९८ सीसीचं, बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. कार्ब्युरेटर हाताने जुळवता येतो. कॉम्प्युटर नाही. सुटे भाग जवळजवळ सगळे नवे मिळतात. इतकंच काय, १९८८ पासून या गाडीची अख्खी बॉडी मूळ साच्यांवरून नव्याने बनवून विकली जाऊ लागली. दिवसभर पडद्याकडे बघून काम करणाऱ्या मुलाला रविवारी हात काळे करावेसे वाटत असतील, तर त्यात भंगार काय? हौस चांगलीच आहे. फक्त मन आधी बसतं आणि डोळे मागून उघडतात, तेवढं व्हायला नको.

आता तुम्ही विचाराल, मराठीच्या मास्तराला मोटारीतलं काय कळतं? फार नाही. पण जाहिरात म्हणजे शेवटी मजकूरच, आणि मजकूर वाचण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. लाल गाडीच्या जाहिरातीत वाक्य आहे, "गाडी पूर्णपणे रिस्टोअर करण्यात आलेली आहे." शाळेत आम्ही प्रयोग शिकवायचो. या वाक्यात कर्ताच नाही. कोणी केली? कधी केली? काय काय केलं? किती खर्च आला? पुरावा काय? एका वाक्यातून पाच प्रश्न निघतात आणि एकाचंही उत्तर जाहिरातीत नाही. हिरव्या गाडीचा मालक लिहितो, "डावी सिल मी २०१४ साली अमुक माणसाकडून बदलून घेतली, बिल सोबत आहे. उजवी बदललेली नाही, दोनेक वर्षांत लागेल." इथे कर्ता आहे, काळ आहे, आणि जे झालेलं नाही तेही सांगितलं आहे. रिस्टोअर हा शब्द फार फसवा. नुसता रंग मारला तरी रिस्टोअर, आणि गाडीचा शेवटचा नट खोलून पुन्हा बांधली तरी रिस्टोअर. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सिल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला होती. एमजीबीत पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. बंद टपाच्या गाडीत थोडा भार टप उचलतं. उघड्या गाडीला टपच नाही, मग पुढची चाकं आणि मागची चाकं यांना जोडून कोण धरतं? मुख्यतः दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन पोकळ तुळया आणि मधला तळ. या तुळया म्हणजे सिल. त्या तीन-चार पत्र्यांच्या थरांनी बनलेल्या असतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी आणि चिखल त्या पोकळीत जाऊन बसतो, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर फोड दिसायला लागतो तेव्हा आतलं काम बहुधा आटोपलेलं असतं.

मी आमच्या कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना दोन्ही गाड्यांचे फोटो दाखवले. त्यांनी एमजीबी जन्मात पाहिलेली नाही. चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "सर, रंग बघू नका, दाराची फट बघा." लाल गाडीच्या दाराची मागची फट त्यांनी बोट ठेवून दाखवली. वर निमुळती, खाली रुंद. सांगाडा मधून खचायला लागला की वरच्या कडा एकमेकींकडे येतात आणि खालच्या लांब जातात, म्हणून फट अशी होते. अर्थात फट वाकडी असण्याला दुसरी कारणंही असू शकतात, बिजागऱ्या झिजल्या असतील, दार नीट बसवलं नसेल. पण प्रश्न विचारण्याइतकं ते पुरेसं आहे. पुढे ते म्हणाले, "आणि लांबी किती भरलीय ते फोटोत कळत नसतं. लोहचुंबक लावा. पत्रा असेल तिथं चिकटेल, लांबी असेल तिथं गळून पडेल."

या गाडीची सिल नीट बदलायची तर सोपं काम नाही. सिलचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डाच्या पत्र्याखाली जातं. म्हणून मडगार्ड काढावं तरी लागतं किंवा त्याचा खालचा भाग कापावा लागतो. सांगाड्याला आधार देऊन, दाराची फट पुन्हा पुन्हा तपासत वेल्डिंग करावं लागतं. ज्याला हे टाळायचं असतं तो कुजलेल्या सिलवर नवा पत्रा ठेवून वेल्ड करतो आणि वर रंग मारतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून काम चालू असतानाचे फोटो मागायचे. खरं काम करणारा ते काढून ठेवतोच, कारण त्याने त्यावर हजारो पौंड घातलेले असतात.

फोटो मात्र अगदीच कुचकामी नसतात, ते कुठे बघायचे ते कळलं पाहिजे. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३११ असतील तर तो टायर २०११ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी कोरी दिसली तरी रबर म्हातारं झालं. 'नुकतीच पूर्ण तयार केलेली' गाडी अशा टायरवर उभी असेल तर 'नुकतीच' या शब्दाचा अर्थ विचारा. दाराच्या पुढच्या छोट्या तिकोनी काचेखाली पत्र्याला चीर पडते, ही या गाडीची ओळखीची खोड. तो फोटो मागा. सीटमागच्या फळीखाली बॅटरीचा खण असतो, तिथे गंज धरतो. तोही मागा. जो फोटो मागितल्यावर येत नाही, तोच खरा बोलका.

इंजिनाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते दणकट आहे आणि बिघडलं तर दुरुस्त होतं. एकच करायचं. विक्रेत्याला सांगायचं, इंजिन पूर्ण थंड असताना चालू करण्याचा व्हिडिओ न तोडता पाठवा. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. गाडी तापून धावत असताना ऑइलच्या काट्याने साधारण ५० ते ७० पौंडांचा दाब दाखवायला हवा. आणखी एक गोष्ट आजकालची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या बदलल्यात का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता कागद. इथे घरबसल्या बरंच कळतं, आणि इथेच लोक आळस करतात. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. २००५ पासूनचे तिचे निकाल सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की फुकट दिसतात. पास-नापास, मीटरचा आकडा आणि तपासनिसाचे शेरे, सगळं. नातवाला म्हटलं, आधी हे बघ. लाल गाडीची शेवटची तपासणी २०१७ ची निघाली. शेरा होता, सिलला गंज. मीटर बघितला तर आधीच्या आठ वर्षांत गाडी जेमतेम चारशे मैल चालली होती. म्हणजे बहुतेक काळ उभीच. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, रबर सुकतं, टाकीतलं पेट्रोल नासतं.

आणि २०१७ नंतर? मे २०१८ पासून तिकडे चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली, मोठे फेरफार केलेले नसले तर. एमजीबीचं उत्पादन १९८० साली थांबलं, तेव्हा आता जवळजवळ सगळ्याच सुटल्या. लाल गाडीच्या जाहिरातीत ते अभिमानाने लिहिलंय, "एमओटीची गरज नाही." अहो, परीक्षेला बसायची सक्ती नाही म्हणजे पास झाला असं होतं का? हिरव्या गाडीचा मालक सक्ती नसतानाही दरवर्षी तपासणी करून घेतो आणि त्याचे शेरे जाहिरातीत स्वतःच लावतो.

तिकडच्या नोंदणीपुस्तकाला व्ही-फाइव्ह-सी म्हणतात. त्यावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. म्हणून खरेदीचं बिल मागायचं आणि गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना, ते थोडे पैसे देऊन तपासून घ्यायचं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ नोंदींवरून दाखला मिळतो. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिनचा नंबर काय, कुठल्या देशात पाठवली. हे महत्त्वाचं, कारण १९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या नियमांसाठी या गाडीला जाड काळे रबरी बंपर आले आणि उंचीही वाढवली. लोकांना आधीचे क्रोमचे बंपर आवडतात, त्यांना भाव जास्त. म्हणून नंतरच्या गाडीला क्रोम लावून देणारे बरेच असतात. तसं करण्यात गुन्हा नाही, पण सांगितलं पाहिजे.

कायद्याचंही थोडं. दुकानदाराकडून गाडी न बघता, दुरूनच व्यवहार करून घेतली, तर साधारणपणे चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क तिकडे आहे. खासगी माणसाकडून घेतली तर तो नाही. खासगी विक्रेत्याने वर्णन खोटं करता कामा नये, एवढंच. आणि वर्णनच मोघम असेल तर खोटं ठरणार कसं? मोघमपणाचा फायदा कोणाला होतो, ते इथे कळतं.

आम्ही मिळून पाच प्रश्न लिहिले आणि दोघांनाही तेच पाठवले. लालवाल्याचं उत्तर तासाभरात आलं. "बरेच लोक मागे लागलेत, आज पाचशे पाठवले तर तुमच्यासाठी थांबवतो." पाचांपैकी एकाही प्रश्नाला हात लावलेला नाही. हिरव्या गाडीवाल्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, दीड पानाचं. गिअर थंडीत थोडा खरखरतो, हेही त्याने न विचारता लिहिलं होतं.

लालवाला लबाडच असेल असं मी म्हणत नाही. त्यानेही ती कुणाकडून तरी 'रिस्टोअर केलेली' म्हणून घेतली असेल आणि सिलच्या पोटात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसेल. पण त्याच्या अज्ञानाची किंमत आपण का भरायची? उलट बाजूही आहे. चार बारके दोष दाखवून एक मोठा झाकणारे महाभागही असतात. म्हणून हिरव्या गाडीलासुद्धा डोळे मिटून पैसे द्यायचे नाहीत. तिथे जायचं, जॅक लावायच्या ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू उचलायची, आणि दार उघडून-मिटून बघायचं. पत्रा दबला, दार अडकलं किंवा फट बदलली, की काय ते समजायचं. विक्रेत्याने जॅक लावू दिला नाही, तरी काय ते समजायचं. साडेदहा हजारांच्या वस्तूपुढे रेल्वेचं तिकीट ते किती!

आता माझा मूळ मुद्दा. हिरवी गाडी हजार पौंडांनी महाग दिसते. पण तिची पुढची दोन वर्षं आपल्याला माहीत आहेत. एक सिल करायची, गिअरबॉक्सकडे लक्ष ठेवायचं. त्याचा अंदाज आजच मांडता येतो. लाल गाडीची किंमत साडेनऊ हजार नाहीच. साडेनऊ हजार अधिक जे काय निघेल ते. तो आकडा आज कुणालाच सांगता येणार नाही. माहीत असलेला दोष हा हिशेब असतो आणि माहीत नसलेला दोष हा जुगार असतो.

आणि यात आपणा गिऱ्हाइकांचाही हात आहे. गंजाचा फोटो टाकणाऱ्याच्या जाहिरातीवरून आपण पुढे जातो आणि सोनेरी उन्हातल्या फोटोपाशी थांबतो. मग दुसऱ्या वेळी तो माणूसही गंजाचा फोटो टाकत नाही. वर्गात "सर, मला हे कळलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला बाकीचे हसले, की महिनाभरात त्या वर्गात सगळ्यांना सगळं कळायला लागतं! परीक्षेत मात्र खरं काय ते दिसतं. बाजाराचंही तसंच आहे. खरं सांगणाऱ्याला तोटा आणि झाकणाऱ्याला नफा असं आपणच ठरवून टाकलं, तर खरं सांगणार कोण? स्थळं बघताना, फ्लॅट घेताना, माणसं नोकरीवर ठेवताना आपण हेच करतो, आणि नंतर जमाना बिघडला म्हणतो.

नातू येत्या शनिवारी नॉरफोकला जाणार आहे. टॉर्च, लोहचुंबक आणि गाडीखाली आडवं पडायला एक जुनी सतरंजी घेऊन जा म्हटलं. जाताना त्याने विचारलं, "आजोबा, उजव्या सिलचा खर्च किमतीतून कमी करायला सांगू ना?" मी म्हटलं, नको. तो दोष त्याने स्वतः सांगितलाय, तो धरूनच त्याने किंमत लावली आहे. तुला ती पटत नसेल तर जाऊ नकोस. न सांगितलेलं काही सापडलं तर जरूर बोल, आणि रोखठोक बोल. पण ज्याने आपणहून डाग दाखवला, त्या डागावरच त्याचा भाव पाडायचा नाही.